हुडव्यातलं पिस्तूल

पहिला दिवस : किकली, लिंब, सातारा

खंबाटकी ओलांडायच्या आत आण्णांची गोष्ट सांगून झाली. आमच्या घरात कुठलाही प्रवास या गोष्टीशिवाय सुरू होत नाही.

साल १९४४. उन्हाळा. साताऱ्यातल्या भूमिगतांच्या पत्री सरकारची दोन माणसं आमच्या गावच्या घरी वस्तीला आलेली. पहाटे कुत्री भुंकली, माणसं मागच्या दारानं उसात गेली, पण पिस्तूल राहिलं घरात. फौजदार वाड्यात शिरेपर्यंत आजीनं ते शेणीच्या हुडव्यात, म्हणजे रचलेल्या शेण्यांच्या ढिगात, खुपसलं आणि तिथंच शेण थापत बसली. फौजदारानं विचारलं, "बाई, घरात कोण आहे?" आजी मान वर न करता म्हणाली, "म्हस हाय. ती बी भाकड."

इथं आण्णा थांबतात. ऐकणारा हसून होईपर्यंत थांबायचं, हे त्यांना छत्तीस वर्षांच्या मास्तरकीनं शिकवलंय. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायचे. दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर हीच गोष्ट. ते रिटायर झाले तेव्हा शाळेच्या स्मरणिकेत छापूनही आली. मी स्वतः ती कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत वापरून दुसरा नंबर काढलाय, तेव्हा हसायचा अधिकार मला नाही.

निघालो होतो सांगलीला, आत्याकडे. आत्या अठ्ठ्याऐंशीची. "बाळूला एकदा घेऊन ये गं, मग काय सांगता येतंय," असा तिचा फोन आला होता. आण्णा शहात्तरचे, पण तिच्यालेखी अजून बाळूच. पुण्याहून सांगली चार-पाच तासांची वाट. आण्णा म्हणाले, चार दिवस घेऊ. शिकवलं सगळं, पण त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

तर पहिला मुक्काम किकली. भुईंजकडून आत वळलं की चंदन-वंदन ही किल्ल्यांची जोडी समोर उभी राहते आणि त्यांच्या पायथ्याशी हे गाव. भैरवनाथाचं जुनं दगडी देऊळ आहे, पण आम्ही गेलो होतो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे कोरीव दगड, बघायला. देवळाच्या आवारात ओळीनं उभे आहेत. एवढे एका जागी मी तरी कुठं पाहिलेले नाहीत.

वीरगळ खालून वर वाचायचा. हे आण्णांनी मला लहानपणी शिकवलेलं, पण दगडासमोर उकिडवं बसून बोट फिरवल्याशिवाय ते कळत नाही. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई. आम्ही निवडलेल्या दगडात एक माणूस ढाल पुढं करून उभा आहे, समोर दोघं, आणि पायाशी आडवा पडलेला पुन्हा तोच. म्हणजे एकाच चौकटीत तो लढतोय आणि मेलायही. त्याच्या मागं गाईंची तीन तोंडं. गावची गुरं वळवून न्यायला कुणी आलं, हा आडवा गेला. वरच्या चौकटीत दोन अप्सरा त्याला काखेत धरून उचलतायत. चेहरे झिजलेत, पण उचलतानाचा त्याचा लोंबता पाय अजून स्पष्ट आहे. त्याच्यावर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. सगळ्यात वर कळस, बाजूला चंद्र-सूर्य.

आण्णांनी रुमालानं दगड पुसला, चष्मा सरकवला, आणि म्हणाले, "नाव कुठंय?"

नाव नाही. कानडी मुलखातल्या पुष्कळ वीरगळांवर लेख असतात, राजा कोण, वर्ष कोणतं, मेला तो कुणाचा कोण. आपल्याकडच्या बहुतेकांवर अक्षर नाही. उभारला तेव्हा गावाला माहीतच होतं की हा कोण. लिहायची गरज काय? दोन-तीन पिढ्या ते चाललं असेल. पुढं तो नुसता वीर झाला, मग देव झाला, आणि कुणीतरी शेंदूर लावला. ज्या गावांत देवही झाला नाही, तिथं त्यावर धुणी आपटली किंवा तो पायरीला बसवला.

शेजारी एक सतीशिळा होती. कोपरात वाकवलेला हात, मनगटात बांगड्या. बस्स, हात. पुरुष निदान आख्खा कोरलेला असतो, असं मी म्हटल्यावर आण्णा "हं" एवढंच म्हणाले.

तिथून लिंबची बारा मोटांची विहीर. इथं मात्र सगळं लिहून ठेवलंय. शके १६४१ ते १६४६, वीरूबाई भोसले यांनी बांधली, असा शिलालेख आहे. शाहू महाराजांचा काळ. वरून बघितली तर शिवलिंगाच्या आकाराची, जवळजवळ ११० फूट खोल, मधोमध दगडी पुलावर महाल, खांबांवर कोरीव काम. आणि नाव बारा मोटांची असलं, तरी मोटा चालायच्या पंधरा. मोजून बघा, जागा आहेत. पण लोकांच्या तोंडी बारा बसलं ते बसलं. बारा म्हणायला सोपं, बारा बलुतेदार, बारा मावळ, बारा गावचं पाणी. दगडावरच्या हिशेबाला इथं कुणी विचारत नाही.

साताऱ्यात पोचेस्तोवर अंधार. लॉजच्या खिडकीतून अजिंक्यताऱ्यावरचे दिवे दिसत होते. १७०० साली औरंगजेबानं हा किल्ला घेतला, सुरुंगांनी तटाबरोबर त्याचीच कितीतरी माणसं उडाली, आणि मग शाहजाद्याच्या नावावरून किल्ल्याचं नाव ठेवलं आझमतारा. रिसेप्शनवरच्या पोराला विचारलं, आझमतारा माहीत आहे का. तो म्हणाला, "हॉटेल हाय का?"

दुसरा दिवस : सातारा, माहुली

सकाळी कंदी पेढे घेतले, कारण आण्णांच्या मते ते आधी घेतले नाहीत तर राहतात. मग संग्रहालय.

वाघनखं गेली होती. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तीन वर्षांच्या बोलीवर आणली, साताऱ्यात महिनोन् महिने रांगा लागल्या, आणि आम्ही पोचलो २०२५ च्या फेब्रुवारीत, तेव्हा ती नागपूरला. "तुम्ही उशीर केला," दाराशी एक गृहस्थ म्हणाले, जसं काही आम्ही लग्नाच्या जेवणाला उशिरा आलो.

मला फारसं वाईट वाटलं नाही. त्या वाघनखांपेक्षा तिच्या पेटीची गोष्ट मला जास्त आवडते. लंडनच्या म्युझियमकडे ती वाघनखं आली ग्रँट डफच्या घराण्याकडून. हा जेम्स ग्रँट डफ १८१८ ते १८२२ इथं साताऱ्यात कंपनी सरकारचा माणूस, छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी. सोबतच्या पेटीवर इंग्रजीत लिहिलंय, की शिवाजीनं ज्या वाघनखानं मुघल सरदाराला मारलं ते हे, आणि साताऱ्यात रेसिडेंट असताना ग्रँट डफला ते पेशव्यांच्या प्रधानानं दिलं.

मुघल सरदार! अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा. चौथीतलं पोर सांगेल. ज्या पेटीच्या भरवशावर ही वस्तू पन्नासेक वर्षं काचेत राहिली, तिच्यावरच्या मजकुरात पहिल्याच वाक्यात चूक. खुद्द म्युझियमनंही सांगितलंय की प्रतापगडावर वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी तर ती अस्सल नाहीत असं जाहीरपणे मांडलं. तरी रांगा लागल्या. मी हे ऐकवल्यावर आण्णा जरा तापले.

"म्हणजे रांगेतले लोक खुळे?"

"तसं नाही म्हणत मी."

"हे बघ. पंढरीच्या रांगेत मूर्ती किती शतकांची आहे हे विचारून कुणी उभं राहतं का?"

"पण तुम्ही मास्तर होता. देवळाचे पुजारी नव्हता."

यावर ते अर्धा तास बोलले नाहीत. पेढे मात्र खाल्ले.

खरं सांगायचं तर हा ग्रँट डफ आण्णांचा लाडका विरोधक. साताऱ्यात बसून कागद जमवले, १८२६ ला तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास छापला, आणि पुढची पन्नास वर्षं आपला भूतकाळ आपण त्याच्या चष्म्यातून वाचला. मराठे म्हणजे वणव्यासारखे अचानक पेटले आणि विझले, असा एकूण सूर. मग नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरानं त्याच्यावर टीका लिहिली. पुढं इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी वाईतल्या एका घरात सापडलेले कागद घेऊन १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि मग दप्तरं शोधत गावोगाव हिंडले. आपला इतिहास वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जातोय, या धसक्यानं माणसं झपाटल्यासारखी कामाला लागली. आण्णा वर्गात हा भाग शिकवायचे तेव्हा तास संपल्याची घंटा ऐकू यायची नाही त्यांना.

दुपारी चार भिंती. अजिंक्यताऱ्याच्या बाजूला उंचावर एक चौथरा आणि भिंती. राजघराण्यातल्या बायकांना दसऱ्याची मिरवणूक बघता यावी म्हणून प्रतापसिंहांनी बांधलेली ही जागा, आज १८५७ चं स्मारक. प्रतापसिंहांना १८३९ ला गादीवरून काढून काशीला पाठवलं, तिथंच १८४७ ला ते वारले, आणि वर्षभरात राज्य खालसा झालं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथं अर्ज करत राहिले. चौदा वर्षं! मला एका सात-बाराच्या नोंदीसाठी चार हेलपाटे झाले तर मी घर डोक्यावर घेतलं होतं. परत आल्यावर त्यांनी अर्ज लिहिणं सोडलं आणि माणसं जमवली. बेत फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगाही होता. स्वतः रंगो बापूजी कधीच सापडले नाहीत.

संध्याकाळी चार भिंतींवर फिरायला येणाऱ्यांची गर्दी. कणसं भाजणारा, फुगेवाला, सेल्फी घेणारी पोरं. आण्णांना हे पटलं नाही. मला पटलं. ओस पडलेल्या स्मारकापेक्षा कणसाचा वास बरा.

राजवाड्यापाशी प्रतापसिंह हायस्कूल बाहेरूनच पाहिलं, रविवार होता. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव तिथल्या रजिस्टरात १९१४ नंबरला चढलं. आता तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिन असतो. ज्या मुलाला वर्गात वेगळं बसवलं, त्याचं नाव निदान शाईनं लिहिलेलं राहिलं. शाळेच्या रजिस्टराला विटाळ होत नाही, असं आण्णा म्हणाले. वर्गात म्हणायचे तेच वाक्य असणार, पण मी पहिल्यांदा ऐकलं.

दिवस मावळताना संगम माहुली. इथं शाहू महाराजांची समाधी आहे, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही. ती बघायला लोक येतात. ज्या बाईनं औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली त्या ताराबाईंच्या समाधीला पुरानं आणि गाळानं झिजवलंय. आणि संभाजी महाराजांच्या राणीची, मुघलांच्या कैदेत २९ वर्षं काढून आलेल्या येसूबाईंची समाधी कोणती, हे तर अगदी अलीकडे जुने कागद धुंडाळून ठरवावं लागलं. तोवर कुत्र्याची माहीत होती, राणीची नव्हती.

"शिकवलं नाही तुम्ही हे कधी," मी म्हटलं.

"पुस्तकात नव्हतं," आण्णा म्हणाले.

तिसरा दिवस : अपशिंगे, शेणोली, कुंडल

हायवे सोडून अपशिंग्यात शिरलो. नावापुढं मिलिटरी लागलेलं गाव. पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले आणि इंग्रजांनी इथं स्मारक उभारलं. असे फलक त्यांनी गावोगाव लावले होते, या गावातून एवढे गेले, त्यातले एवढे परतले नाहीत. आकडे चोख, नावं क्वचितच. किकलीच्या दगडावर निदान त्याचा लोंबता पाय तरी होता. पण पारावर बसलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी आण्णांना पणजोबांपासून नातवापर्यंत घरातली माणसं, त्यांची युनिटं आणि लढलेली युद्धं एका दमात म्हणून दाखवली, तेव्हा कळलं की या गावानं ते काम फलकावर सोडलेलंच नाही.

कऱ्हाडच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, वर मोकाट गाणी. दहा किलोमीटरला पाऊण तास.

शेणोली. ७ जून १९४३ ला पत्री सरकारच्या तूफान सेनेनं इथं रुळांवर दगड रचून पगाराची गाडी अडवली. रेल्वेच्या नोकरांचा पगार नेणारी गाडी. रुळांजवळ छोटं स्मारक आहे. या हल्ल्यातले कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, २०२२ मध्ये गेले. शेवटपर्यंत 'लूट' शब्द त्यांना खपायचा नाही. आपल्याच लोकांचा लुटलेला पैसा आम्ही परत आणला, असं ते म्हणायचे. एका शब्दासाठी सत्तर-पंचाहत्तर वर्षं हटून बसलेला माणूस! मला हे फार आवडतं. आम्ही पोचलो तेव्हा एक मालगाडी जात होती, डबे मोजता मोजता आण्णांचा आकडा चुकला आणि त्यांनी मला जबाबदार धरलं.

पुढं भवानीनगर. इथल्या पोलीस ठाण्यासमोर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लेकीनं, हौसाबाईंनी, भांडणाचं सोंग केलं होतं. नवऱ्याच्या वेशातला सोबती तिला मारतोय, ती ऊर बडवून ओरडतेय, पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतली हत्यारं पळवली. मार खरा वाटावा म्हणून त्यानं खरंच मारलं, ही तक्रार हौसाबाई नव्वदीतही करायच्या.

"बघ," आण्णा म्हणाले, "हौसाबाई काय, आपली आई काय. बायकांनी राखलं म्हणून पत्री सरकार राहिलं."

कुंडलला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. हे गाव म्हणजे पत्री सरकारची राजधानी. का, तर त्याला भूगोल कारण. कुंडल औंध संस्थानात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ लाच गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार गावांच्या हातात दिलेला. इंग्रजी पोलिसांचा हात संस्थानाच्या हद्दीत आखूड व्हायचा. रात्री इकडं, दिवसा तिकडं. आमचं गाव हद्दीच्या पलीकडं, इंग्रजी मुलखातल्या तासगाव तालुक्यात. म्हणून तर फौजदार आमच्याकडं.

चौकात चहा घेताना आण्णांनी सवयीनं वर्ग सुरू केला. चहावाला, त्याचा मेव्हणा आणि एक द्राक्षबागायतदार हे विद्यार्थी. विषय, 'पत्री' म्हणजे काय.

मेव्हणा म्हणाला, "पाय धरून पत्र्या ठोकायचे. बैलाला ठोकतात तशा. फितुरांना."

मी हेच ऐकत मोठी झाले. आख्ख्या जिल्ह्यात हेच सांगतात. आण्णांनी बोट वर केलं. मूळ शब्द प्रति सरकार. प्रति म्हणजे समांतर. तो संस्कृत शब्द रानातल्या माणसाच्या जिभेवर बसेना, त्याचं पत्री झालं. पत्री म्हटल्यावर डोळ्यांपुढं आली बैलाची नाल. नाल आली की तिला पाय पाहिजे, ठोकणारा पाहिजे, किंचाळणारा सावकार पाहिजे. शब्द घसरला आणि गोष्ट जन्माला आली. तळव्यांवर काठ्यांचा मार द्यायचे, ते खरं. दरोडेखोर, खबरे, गरिबाला नाडणारा सावकार, यांना तो बसायचा. बाकी पत्री सरकार म्हणजे न्यायदान मंडळं, बांधाची भांडणं, दारूबंदी, हुंड्याशिवाय हार घालून लावलेली गांधी लग्नं. पण लग्नाची गोष्ट कोण सांगणार? नाल लक्षात राहते.

"पण मास्तर," द्राक्षबागायतदार म्हणाला, "त्या नालेच्या भ्यानंच निम्मी कामं झाली असतील की."

आण्णा हसले. चहाचे पैसे त्यानंच दिले.

रात्री मुक्काम जवळच, चुलतभावाकडे. त्याच्या भिंतीवर आजोबांचा ताम्रपट आहे. १९७२ ला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी मिळालेला. वर्षातून दोनदा चिंच लावून घासतात, त्यामुळं आजोबांच्या आडनावातला एक काना आता जवळजवळ गेलाय. पेन्शनसाठी तुरुंगाचा दाखला लागायचा, नाहीतर सोबतच्या सैनिकांची प्रतिज्ञापत्रं. आजोबांकडे होतं सगळं. भाकरी पोचवल्याचा दाखला कोण देणार?

"आईला मिळायला पाहिजे होता," आण्णा झोपताना म्हणाले. दर वेळी म्हणतात.

चौथा दिवस : सांगली

सांगलीत शिरताना हळदीचा वास येतो असं लोक लिहितात. आम्हाला डिझेलचा आला.

गणेशदुर्गातला तुरुंग गाडीतूनच दाखवला आण्णांनी. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि साथीदार तो फोडून बाहेर पडले, कृष्णेला पूर, मागं पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात गेले, दादांना गोळी लागली. पुढं हाच माणूस मुख्यमंत्री झाला. या सगळ्यावर आण्णा एरवी तासभर बोलले असते, पण आत्या वाट बघत होती.

आत्याचं घर गावभागात, नदीपासून फार लांब नाही. सोप्यात शिरल्यावर उजव्या हाताच्या भिंतीवर रेघा आहेत. खालच्या, पेन्सिलीच्या, नातवंडांच्या उंचीच्या. वरच्या, ऑइलपेंटच्या, पाण्याच्या. २००५ ची माझ्या कमरेच्या वर. २०१९ ची माझ्या डोक्याच्या वर, हात उंच केला तरच बोट टेकतं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. दोन्हींच्या मधली २०२१ ची. दर वेळी भिंत रंगवतात आणि रेघा सोडून रंगवतात. रंगाऱ्याला आत्या स्वतः उभी राहून सांगते. का ठेवता, असं विचारलं तर म्हणाली, "पावसाळ्यात पोरं म्हंत्यात, एवढं येत न्हाई. मग मी बोट दावते."

जेवणं झाली. आण्णांनी प्रवासाचा सगळा वृत्तांत दिला, माहुली, अपशिंगे, हौसाबाई, आणि मग ओघात, अगदी ओघात, फौजदार वाड्यात शिरला. मी पाठीला उशी घेऊन बसले होते. म्हशीपाशी आण्णा नेहमीप्रमाणं थांबले.

आत्या हसली नाही. सुपारी कातरत होती.

"आय न्हवती ती," ती म्हणाली.

"कोण नव्हती?"

"हुडव्यापशी. आय न्हवती. आय घरात. मी तिच्या पदराला धरून हुबी. आयला थरकाप सुटला हुता, बोलाय येईना तिला. पिस्तूल घेऊन ती बाई गेली भाईर. वस्तीवरली. आपल्यात शेणगोठ्याला यायची ती. तिनं खुपसलं आन् तीच बसली थापत."

"आक्का, तू सात वर्षांची होतीस."

"सात वर्साच्या पोरीला दिसत न्हाई व्हय रं?"

पंख्याचा आवाज येत होता. आत्यानं सुपारी तोंडात टाकली.

"म्हस हाय म्हणाली ती बी तीच. म्हस तिची न्हवती, आपली हुती. भाकड म्हणाली म्हणून आय नंतर रागावली तिच्यावर. दूध देत हुती की म्हस." आता ती थोडी हसली. "चार दिस तिला वाढलं न्हाई नीट. लांबनंच, वरनं, हातावर."

"मग हे आईनं कधी सांगितलं नाही मला."

"आयनं तरी कुटं सांगितलं, मी केलं म्हणून? आबा सांगायचे. आमच्या घरातनं पिस्तूल वाचवलं, म्हणायचे. घरातनं म्हंजे कोण, तर आय. आय गप बसायची. पुढं पुढं मान हलवाय लागली."

आण्णांनी चष्मा काढून हातात धरला होता. पंधरा ऑगस्ट किती झाले असतील छत्तीस वर्षांत, हे मी मोजत बसले, कारण दुसरं काही सुचेना. आणि माझा तो दुसरा नंबर.

"नाव काय तिचं?" आण्णांनी विचारलं.

आत्यानं विचार केला. खरंच केला, डोळे मिटून. मग म्हणाली, "म्हातारी म्हणायचे तिला सगळे. तवा म्हातारी बी नसंल ती. आयच्याच वयाची असंल." थोड्या वेळानं, "तिचा ल्योक बोर्डिंगात गेला हुता साताऱ्याला. कर्मवीर अण्णांच्या. पुढं मास्तर झाला म्हणं."

"कुठल्या शाळेत?"

"आता ते मला काय ठावं."

बोर्डिंगात गेला म्हणजे रजिस्टरात नाव असणार. मुलाचं आणि बापाचं. आईचं नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना आत्यानं भडंगाची दोन पुडकी आणि हळदीची एक पिशवी गाडीत टाकली, आण्णांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी इस्लामपूरच्या रस्त्यानं हायवेला लागणार होते.

"इकडनं नको," आण्णा म्हणाले. "पलूसवरनं घे."

"गावात कोण आहे आता आपलं? दादा तर आज कोल्हापूरला जाणार म्हणाला."

"आपल्या घरी नाही जायचं. वस्तीवर एक जण आहे. माझ्या वर्गात होता सातवीपर्यंत, शेवटच्या बाकावर." त्यांनी पट्टा लावला, भडंगाचं पुडकं मांडीवर घेतलं. "त्याच्या आज्जीला म्हातारी म्हणायचे का, विचारू."

मी गाडी वळवली.